वेलांटीची रुंदी

दादाच्या डी ड्राइव्हमध्ये सांगलीतल्या पुष्कळ माणसांचं आयुष्य साठलेलं होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, हळदीच्या अडत्यांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका, निवृत्त मुख्याध्यापकांची आत्मचरित्रं, कुणाच्या तरी पहिल्या आणि बहुधा शेवटच्याही कवितासंग्रहाची ६४ पानं. मुलाची मुंज, मुलीचं लग्न, स्वतःची साठीशांत आणि अखेर उत्तरकार्य, अशी एकाच माणसाची सगळी कार्डं एकाच फोल्डरमध्ये सापडायची. फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव आणि आत फायली: ‘नवा’, ‘नवा-१’, ‘फायनल’, ‘फायनल-ओके’, ‘फायनल-ओके-२’. फायनल झाल्यावरही माणसं यायची. एखाद्या आत्याचं नाव राहिलेलं असे, एखादे काका मानानं आधी यायला हवे असत. दादा न कुरकुरता पुन्हा पान उघडायचा.

गणपती पेठेमागच्या बोळातलं त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक लेझर प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी बाक आणि कोपऱ्यात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. शाळा सुटली की मी तिथे प्रुफं तपासायला बसायचे. दादाचं आणि माझं आयुष्यभराचं बोलणं बरंचसं त्या प्रुफांच्या निमित्तानं झालं. आम्ही फार मनातलं बोलणारी भावंडं नव्हतो. पण एखाद्या पानावर ओळी ढिल्या पडल्या असतील, तर त्या कशा आवळायच्या यावर आम्ही तासभर बोलू शकायचो. त्या तासाभरात घरातलं, मुलांचं, तब्येतीचं सगळं येऊन जायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. पेठेत पाणी शिरायच्या आदल्या रात्री दादानं कागदाची रिमं, प्रिंटर, बाक, सगळं होतं तिथे सोडलं आणि सीपीयू तेवढा छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेला. रिमांचा लगदा झाला, प्रिंटर गेला, डी ड्राइव्ह राहिला. पूर ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ पुसायच्या आधी त्यानं वरच्या मजल्यावर मशीन चालू करून सगळ्या फायली उघडताहेत ना ते पाहिलं. त्यानंतर काही वर्षांनी दादा गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. टेबलावर एका पतसंस्थेचा अहवाल अर्धा लावलेला होता.

त्याचं मशीन वहिनीनं घरी आणलं. त्यावर विंडोज एक्सपी होतं. एक्सपीला कंपनीनं ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणं थांबवलं होतं, पण दादासारख्यांना त्यानं फरक पडत नव्हता. त्यांचं सगळं काम पेजमेकरवर आणि जुन्या मराठी फाँटवर बेतलेलं होतं आणि ती जोडी एक्सपीवर सुखानं चालत होती. दादा गेल्यावर काही महिन्यांनी बटण दाबलं, तर पंखा फिरला आणि थांबला. पडद्यावर काही आलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली ती हिरवी टेकडी आणि वरचं निळं आभाळ दादानं कधी बदललं नव्हतं. ते पुन्हा दिसेल म्हणून वहिनी माझ्या शेजारी उभी होती.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचाही आधार संपला आणि पुढची आवृत्ती चालवण्याजोगा त्याचा प्रोसेसर नव्हता. दिवाळीला भाची, दादाची मुलगी, पुण्याहून आली ती आपला आधीचा लॅपटॉप पिशवीत घेऊनच. “आत्या, यावर उबुंटू आहे,” ती म्हणाली. “थोडे दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग बसेल हात.” तिनं पत्र्याच्या डब्यातून दादाच्या मशीनमधली हार्ड डिस्कही आणली होती, स्क्रू काढून, जुन्या रुमालात गुंडाळलेली.

चुकल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. डाव्या कोपऱ्यात खाली जिथे हात आपसूक जायचा, तिथे तसलं काही नव्हतं. चित्रांची पट्टी डावीकडे उभी. सी नाही, डी नाही. सगळं एकाच तिरक्या रेघेपासून सुरू होतं आणि फांद्या फुटत जातात. बाहेरून डिस्क लावली तर तीही त्याच झाडाच्या एका फांदीवर येऊन बसते. रोमन लिपीत एकच नाव मोठ्या अक्षरानं लिहिलं आणि लहान अक्षरानं लिहिलं, तर ही प्रणाली त्या दोन वेगळ्या फायली मानते. या गोष्टी शिकता येतात, मी शिकलेही. पण दादाच्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकचा हिरवा दिवा लागला की मराठी उमटायचं. मजकूर लिहायला बसलं की माझी नजर आधी त्या दिव्याकडे जायची. या लॅपटॉपवर तो दिवाच नाही. डोळा मात्र दर वेळी उजव्या कोपऱ्यात जाऊन रिकामा परत यायचा. दादा गेल्यावर दुकानाच्या बोळापाशी आलं की पावलं अशीच वळायची.

बोटांना जे येतं ते कुणीतरी शिकवलेलं असतं. मला मराठी टंकलेखन दादानं शिकवलं. त्याचं शिक्षण टाइपरायटरवरचं, सरकारी वाणिज्य परीक्षेचं, मिनिटाला ३० शब्दांचं. डीटीपी आलं, तेव्हा ही सॉफ्टवेअरं विकणाऱ्यांनी शहाणपणानं टाइपरायटरची कळरचना त्यात ठेवली होती. त्यामुळे त्या पिढीच्या हजारो लोकांचा हात मोडला नाही. ती रचना आमच्या सरकारमान्य इनस्क्रिप्टसारखी विचारपूर्वक आखलेली नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. कुणालाही पटावी अशी मांडणी. टाइपरायटरची रचना तशी पटवून देता येत नाही, ती हातात बसते. तीन-साडेतीन दशकांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दादानं माझ्या बोटांवर बोटं ठेवून ती बसवली. मोठेपणी भाऊ बहिणीचा हात असा धरत नाही. आमच्यात तेवढा एक उन्हाळा तसा गेला.

भाचीनं उबुंटूत मराठीची कळरचना निवडायला यादी उघडली. इनस्क्रिप्ट, सुधारित इनस्क्रिप्ट, ध्वन्यात्मक, गमभन, मिंग्लिश. आणि त्या यादीत रेमिंग्टन होतं. टाइपरायटरचं. एवढ्या लांबच्या, फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीत कुणीतरी बसून मराठी टाइपरायटरची कळरचना लिहून ठेवली होती. कुणाच्या लक्षात आलं असेल? कुणाला वाटलं असेल की असा हात असलेलं माणूस अजून कुठेतरी असेल? मी ती निवडली. काही कळा दादाच्या रचनेहून वेगळ्या निघाल्या, पण पहिलं वाक्य न पाहता उमटलं. भाची शेजारी फराळाचं ताट घेऊन बसली होती, तिला माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं नाही. सांगताही आलं नाही.

दादानंही अशी एक परकी प्रणाली ओलांडली होती आणि ती माझ्यापेक्षा किती तरी अवघड होती. आमच्या वडिलांची ट्रेडल प्रेस होती. भिंतीला टेकवलेल्या लाकडी केसा, त्यांत शेकडो खण, खणाखणात खिळे. व्यंजनांचे वेगळे, अर्ध्या अक्षरांचे वेगळे, वेलांट्यांचे आणि रफारांचे वेगळे. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून मजकुराकडे पाहत राहायचा आणि उजवा हात न पाहता खणात जाऊन नेमका खिळा उचलायचा. दादा सातवी-आठवीपासून जुळणी करायचा. शिशाचा हात म्हणून आई त्याला साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे.

हे उबुंटू ज्यावर उभं आहे त्या लिनक्सची पहिली घोषणा लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीत केली ती ऑगस्ट १९९१ मध्ये. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ ची, आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून होती. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे भारतीय मानकही त्याच वर्षीचं. त्या वर्षी आमच्याकडे दादा अजून खिळेच जुळवत होता. या तिन्ही गोष्टींची आम्हाला गंधवार्ता नव्हती. पुढे दोन-तीन वर्षांत ऑफसेटवाल्यांनी ट्रेडलचं काम ओढून घेतलं आणि दादानं कर्ज काढून कॉम्प्युटर आणला. खिळे वजनावर गेले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्रधातू, त्याला किलोचा भाव. केसा रिकाम्या करत असताना वडील घरातच थांबले. दादा रात्री जुन्या वर्तमानपत्रातला अग्रलेख पुढ्यात घेऊन कीबोर्डवर सराव करायचा. मध्येच त्याचा उजवा हात उचलला जायचा आणि हवेत, जिथे पूर्वी केस होती त्या बाजूला, जरासा जायचा. मी ते पाहिलेलं आहे. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती, आता त्या हाताचं दुःख कळतं.

दिवाळीच्या त्या सुट्टीत भाचीनं रुमालातली डिस्क एका तारेनं लॅपटॉपला जोडली. डावीकडच्या पट्टीवर एक नवं चित्र उगवलं. उघडलं, तर आत दादाची फोल्डरं, जशीच्या तशी, नावानावानं. मला हवं होतं ते ‘आई’ नावाचं फोल्डर. आईच्या अमृतमहोत्सवाला तिच्या आठवणींचं पुस्तक काढायचं दादानं ठरवलं होतं. ती संध्याकाळी दुकानाच्या बाकावर बसून सांगायची आणि तो थेट कीबोर्डवर उतरवून घ्यायचा. कृष्णाकाठचं माहेर, गुऱ्हाळं, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपानं पहाटे हादरलेलं घर, बाहत्तरच्या दुष्काळातली लाल ज्वारी आणि सुकडी. पुस्तक काही ना काही कारणानं राहत गेलं. आधी गिऱ्हाइकांचं काम, मग पूर, मग दादाच.

फाईल पेजमेकरची. पेजमेकर १९८५ मध्ये आल्डस कंपनीनं काढलं, १९९४ मध्ये अडोबीकडे गेलं आणि सातव्या आवृत्तीनंतर, २००४ पासून, त्याचा विकास थांबला. महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतलं डीटीपी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं त्यावरच चालत राहिलं. मराठी पुस्तकांच्या कित्येक पिढ्या त्यात जुळल्या. भाचीला वाटत होतं की हे उघडणार नाही. तिनं नुसतं दोनदा क्लिक केलं आणि लिबर ऑफिसनं ती फाईल उघडली. बंद पडलेल्या, मालकांनी सोडून दिलेल्या स्वरूपातली कागदपत्रं लोकांना परत मिळावीत म्हणून काही स्वयंसेवकांनी २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. नाव ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’. पेजमेकरच्या फायलींची आतली रचना कुठेही छापलेली नसताना त्यांनी ती बाइटबाइट तपासून उलगडली. लिबर ऑफिसच्या २०१५ च्या आवृत्तीपासून ती सोय आत आली. ज्या प्रणालीला मी परकी म्हणत होते, तिनं माझ्या भावाची फाईल वाचायची तयारी दहा वर्षं आधीच करून ठेवली होती. त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. पण मी त्यांची कायमची ऋणी आहे.

फाईल उघडली आणि पानभर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला. डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, कंस, टक्क्याची चिन्हं, डॉलर. वहिनी घाबरली, तिला वाटलं पुराचं पाणी शेवटी आत गेलंच. तसं काही नव्हतं. श्री-लिपी, आयएसएम, आकृती, अशी जी सॉफ्टवेअरं त्या काळात महाराष्ट्रभर चालत, त्यांच्या फाँटांमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या लेखी ते रोमनच, फक्त वरचा वेश मराठी. तो फाँट नसेल तर वेश गळून पडतो. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचं मराठी दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य. दादाचे फाँट त्याच डिस्कवर होते. भाचीनं ते आत घेतले, आणि पानं एकदम बोलू लागली. चौकटी थोड्या सरकलेल्या, पण अक्षर दादाचं. मी ‘अक्षर’ म्हणते ते हस्ताक्षराच्या अर्थानं. ते कसं, ते पुढे सांगते.

त्याच संध्याकाळी मी आईला पहिली पानं वाचून दाखवली. आईची दृष्टी आता मोठ्या ठशालाही पुरत नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. माहेरच्या वाड्यातल्या माणसांची नावं आली तिथे तिनं हात वर केला. “धाकट्या काकूचं नाव नाही आलं. घाल.”

आणि मला ते घालता येईना. दादाच्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं, बोटभर लांबीचं, मशीनच्या मागे प्रिंटरच्या खाचेत बसवायचं. ते असेल तरच मराठी उमटायचं. लॉक वहिनीकडे आहे, पण ते बसवायला मशीन नाही, या लॅपटॉपला तशी खाचही नाही. म्हणजे दादाचं लिहिलेलं वाचता येत होतं, पाहता येत होतं, पण त्यात एक अनुस्वारही वाढवता येत नव्हता. क्षणभर मला वाटलं, असंच ठेवावं. आहे तसं छापावं, त्याच्या हातचं. पण आई अजून सांगते आहे, तिची काकू बाहेर राहून कशी चालेल?

मग युनिकोडमध्ये नेणं आलं. आयतं परिवर्तक या फाँटासाठी नीट चालेना, म्हणून भाचीनं एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि मला तक्ता करायला बसवलं. फाँटातल्या प्रत्येक जागेवर देवनागरीचा कोणता तुकडा आहे, ते सांगायचं. तिला प्रोग्रॅम येतो, तुकडे मला ओळखता येतात. आमची दिवाळी त्यात गेली, आणि ती पुण्याला गेल्यावरही रात्री फोनवर ते काम चालू राहिलं. अर्धा प आणि त्याला लागणारा दंड. अर्धा ग आणि दंड. रफार आणि अनुस्वार एकत्र. दीर्घ वेलांटी आणि रफार एकत्र. या फाँटांमध्ये ‘प’ हे एक अक्षर नसतं, दोन घावांत घडतं.

मग क्रम. जुन्या फाँटात डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं साठवलेलं असतं. ‘विहीर’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, व नंतर, जसं हातानं लिहितो तसं. युनिकोडमध्ये तोंडानं म्हणतो तो क्रम: व आधी, वेलांटी नंतर. ‘धर्म’मधला रफार हातानं सगळ्यात शेवटी मारला जातो, युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधीचा र असतो. म्हणजे प्रोग्रॅमनं शब्दागणिक हाताचा क्रम मोडून जिभेचा क्रम लावायचा. पहिल्या प्रयत्नात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं, सगळीकडे. आडवा र हा मराठीचा खास, तो रफारात विरघळून गेला होता. तक्त्यात त्याची वेगळी ओळ घातली, तेव्हा ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यात’, सगळे परतले.

एका रात्री भाचीनं विचारलं, “आत्या, पहिल्या वेलांटीला तीन वेगळे नंबर आहेत. तिन्हींचा अर्थ एकच ना?”

अर्थ एकच. पण त्या तीन वेलांट्या तीन रुंदीच्या होत्या. ‘र’ अरुंद, त्याला आखूड कमान. ‘म’, ‘प’, ‘व’ यांना मधली. ‘क’, ‘ण’ आणि जोडाक्षरांना लांब, कमानीचं टोक नेमकं दंडावर येऊन टेकलं पाहिजे. कोणती कुठे, ते सॉफ्टवेअर सांगत नसे, जुळवणाऱ्यानं निवडायचं. घाईत असलेले लोक एकच मधली सगळीकडे मारत. दादानं कधी मारली नाही. लग्नपत्रिकेतही नाही, हळदीच्या पावतीवरही नाही. हे तो वडिलांच्या केसेत शिकला होता, तिथेही वेलांटीचे खिळे रुंदीप्रमाणे वेगळ्या खणांत असत. मी भाचीला ‘आई’ फोल्डरमधलं एक पान उघडायला सांगितलं आणि ‘किती’, ‘रिकामी’, ‘णि’ असलेले शब्द शोधायला लावले. प्रत्येक ठिकाणी वेलांटी जिथे टेकायची तिथेच टेकलेली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबांनी प्रत्येक वेळी निवडलंय.”

पुढचा प्रश्न तिनंच विचारला, कारण तक्ता तिला पुरा करायचा होता. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी एकच आहे. कमान किती लांब काढायची ते फाँट स्वतः ठरवतो. आजचे चांगले फाँट ते उत्तम करतात. रा. कृ. जोशींसारख्या कवी-सुलेखनकारानं विंडोजसाठी ‘मंगल’ घडवला, तेव्हापासून पुढच्या सगळ्यांनी त्यावर कष्ट घेतले आहेत. पानावर काहीच वाईट दिसणार नाही. पण त्या तीन नंबरांच्या जागी एक नंबर लिहिला की दादाची निवड पुसली जाणार. पुस्तकात हजारो वेलांट्या असतील. त्या प्रत्येकीपाशी तो एक क्षण थांबला होता. ते थांबणं फाईलमध्ये अजून होतं, तीन वेगळ्या नंबरांच्या रूपानं, कुणालाही न दिसणारं. आई मजकूर सांगत होती तेव्हाचं, पुरानंतर पुन्हा उघडलं तेव्हाचं. वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, आणि कळू नये अशीच त्याची इच्छा होती. जुळणी दिसली की ती फसली, असं मानणारा तो माणूस.

मी तिला तिन्ही नंबरांसमोर एकच वेलांटी लिहायला सांगितलं. मूळ फायली आम्ही तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, त्याच्या फाँटांसकट. तरी ते सांगताना गळा दाटला होता, आणि फोनच्या पलीकडेही शांतता होती.

बदललेला मजकूर पडद्यावर आला तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरले ते ल आणि श. हिंदी वळणाचे. राज्य शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेला आहे, आणि दादा त्याच्या कितीतरी आधीपासून त्यावर अडून बसायचा. भाचीनं परिच्छेदाची भाषा हिंदीऐवजी मराठी केली. त्यासरशी पानभरचे ल आणि श आपले होऊन उभे राहिले. तिच्या फाँटात ती रूपं आधीपासून होती, मराठी म्हणून सांगायचीच खोटी होती. शब्दांमध्ये अधूनमधून विचित्र मोकळ्या जागा उरल्या होत्या. दादानं ओळ नीट बसावी म्हणून घातलेल्या त्या केसाएवढ्या फटी. त्या मी एकेक करून काढल्या. प्रोग्रॅमनं एका झटक्यात निघाल्या असत्या, पण ते मला माझ्या हातानं करायचं होतं. एकेक फट काढताना कळत होतं की इथे ओळ ताणली गेली होती, इथे त्याला शब्द तोडायचा नव्हता, इथे त्यानं आईचं वाक्य पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून धडपड केली होती.

काकूचं नाव घातलं. मग आईपाशी बसून सगळं पहिल्यापासून वाचायला घेतलं. लॅपटॉप माझ्या मांडीवर, आई पलंगावर, वहिनी दारात उभी. प्रेस घेण्याचं प्रकरण आलं. ट्रेडल घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा आईनं हातातल्या पाटल्या मोडायला दिल्या होत्या. दादानं लिहिलं होतं, आईनं त्या हसत काढून दिल्या.

आईनं डोळे उघडले. “हसत कुठे? चार दिवस रडत होते मी. माझ्या आईच्या होत्या त्या.”

मी दुसरी फाईल उघडून पाहिली. ‘नवा-१’मध्ये वाक्य होतं: आई रडली. ‘फायनल’मध्ये ते बदललं होतं. म्हणजे तिनं सांगितलं तसंच त्यानं आधी लिहून घेतलं होतं. मग कधीतरी एकटा बसला असताना बदललं. त्याच प्रेसवर त्यानं बारा-तेराव्या वर्षी हात काळे केले, तिच्यावरच आमचं घर चाललं. त्या पाटल्यांवर आई रडली होती, हे त्याला छापता आलं नसावं. मी आईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, दादानं ते मुद्दाम बदललंय, राहू दे का तसंच?

“त्याला वाईट वाटलं असेल,” आई म्हणाली. “माझ्यासमोर बसला असता तरी मी बदलायलाच लावलं असतं. रडले म्हणून घाल. आणि नंतर पहिली पत्रिका छापून आली तेव्हा मीच पहिल्यांदा तिचा वास घेतला, ते त्यानं लिहिलंय का बघ.”

लिहिलं नव्हतं. मी ‘हसत’ खोडलं, रेमिंग्टनच्या कळांवर ‘रडत’ लिहिलं आणि पत्रिकेची ओळ खाली घेतली. वासाबद्दल आईला आणखी बरंच सांगायचं होतं. शाईचा, रॉकेलचा, ओल्या कागदाचा. वहिनी आत येऊन बसली. “हळू सांग,” मी म्हटलं, “हात अजून बसलेला नाही.”

“दादालाही मी हळूच सांगायचे,” आई म्हणाली. “झालं का लिहून? भूकंपाचं वाच आता. त्यातही त्यानं काहीतरी केलं असणार.”